घाटातल्या आपल्या गाड्या: तपोवन, नंदीग्राम, जनशताब्दी कुठून बघायच्या, कशा टिपायच्या?

गोदाकाठ (परभणी)

राम राम मंडळी. पाऊस लागला की घाटातल्या रेल्वेचे व्हिडिओ सगळीकडं फिरायला लागतात. त्यात डेक्कन क्वीन असते, दूधसागरसमोरून जाणारी गाडी असते, हल्ली वंदे भारत असते. तपोवन कुठंय? नंदीग्राम कुठंय? नांदेड, परभणी, जालना, संभाजीनगर या पट्ट्यातून मुंबईला जाणाऱ्या आपल्या नेहमीच्या गाड्या मनमाडवरून कसारा घाट उतरून जातात आणि परतताना तोच घाट चढून येतात. लातूरची गाडी बोरघाटातून ये-जा करते. आपल्या भागातली माणसं पिढ्यानपिढ्या कामासाठी, दवाखान्यासाठी, मंत्रालयाच्या खेपांसाठी हे दोन घाट ओलांडत आलीत. पण आपल्या गाड्यांचं घाटातलं नीट चित्रण शोधायला गेलं तर फारसं हाती लागत नाही.

घाटाची ओळख नसलेल्यांसाठी थोडक्यात. कसारा ते इगतपुरी हा थळ घाट १८६५ मध्ये सुरू झाला, कर्जत ते लोणावळा हा बोरघाट त्याआधी १८६३ मध्ये. दोन्हीकडं चढ १:३७ चा, म्हणजे ३७ मीटर पुढं गेलं की १ मीटर वर. डांबरी रस्त्यावर एवढा चढ ट्रकला फारसा जाणवत नाही. पण लोखंडी रुळावर लोखंडी चाक, त्यात पावसानं रूळ ओले. तिथं हा चढ फार मोठा असतो. म्हणून चढणाऱ्या गाडीला मागून ढकलायला जादा इंजिनं लावतात. तीच बँकर.

माझं म्हणणं एवढंच की घाटातली गाडी टिपायची तर बँकरसकट टिपा. बहुतेक व्हिडिओत पुढचं इंजिन गेलं की कॅमेरा वळतो नाहीतर बंद होतो. घाटाचं खरं काम तर शेपटाला चाललेलं असतं.

जे जाऊन आलेत त्यांनी जागा, वेळा, अनुभव लिहा. जुन्या आठवणीही चालतील.

जालन्याची_लेक

छान विषय काढलात दादा. मी कल्याणला नोकरीला, सणावाराला तपोवननं गावी जाते. कसाऱ्याला गाडी थांबते, थोड्या वेळानं मागून एक धक्का बसतो, हातातला चहा हिंदकळतो. शेजारच्या मावशी दर वेळेला म्हणतात, "लागलं बाई इंजिन." इतकी वर्षं हे ऐकतेय, पण ते मागंच का लावतात हे कधी कुणाला विचारलं नाही. पुढं दोन इंजिनं जोडली तर चालणार नाही का?

गार्डकाका (मनमाड, निवृत्त)

ताई, चांगला प्रश्न विचारलात. नोकरीचा बराच काळ मी या घाटात गाड्या नेल्या, म्हणून सांगतो.

पुढं सगळी ताकद लावली तर अख्ख्या गाडीचं वजन पहिल्या काही डब्यांच्या कपलिंगवर, म्हणजे डबे एकमेकांना जोडणाऱ्या आकड्यांवर, येतं. सपाटीला ते निभतं. १:३७ च्या चढावर मागचे डबे खाली ओढत असतात आणि पुढची इंजिनं वर. कपलिंग तुटायची भीती तिथं. आणि तुटलंच, तर मागचा भाग उताराला लागणार. बँकर मागं असला की गाडीचा पुढचा भाग ओढला जातो, मागचा ढकलला जातो, मधल्या कपलिंगांवरचा ताण कमी होतो. शिवाय खाली घसरायला जागाच राहत नाही, मागं इंजिन उभंच आहे.

कसाऱ्याला बँकर आला की आधी जोडणी, मग हवेचे पाइप, मग ब्रेकचं प्रेशर शेवटपर्यंत पोचलं का ते बघायचं. पुढचा आणि मागचा चालक एकमेकांशी बोलून घेतात, मगच गाडी हलते. दोघांनी एका वेळी जोर लावायचा असतो. पुढचा ओढतोय आणि मागचा अजून तयार नाही, असं चालत नाही. इगतपुरीला बँकर सोडतात, मग ते परत खाली येतात पुढच्या गाडीसाठी.

गार्डचा डबा शेवटचा. म्हणजे माझी खुर्ची आणि बँकरचं तोंड यांत काही फुटांचं अंतर. बोगद्यात शिरलं की मागच्या इंजिनाच्या ब्लोअरचा (इंजिन थंड ठेवणाऱ्या पंख्याचा) आवाज डब्यात असा भरायचा, की समोरचा माणूस बोलतोय हे ओठ हलताना दिसतात म्हणूनच कळायचं. पत्र्यावर हात ठेवला तर थरथर कोपरापर्यंत यायची. नवीन पोरं पहिल्या खेपेला कानात कापूस घालायची. गोदाकाठ म्हणतात ते बरोबर आहे, घाट मागच्या टोकालाच कळतो.

आणखी एक लक्षात ठेवा. मध्य रेल्वेत मुंबईकडं जाणारी ती अप. म्हणजे घाट चढते ती डाउन गाडी आणि उतरते ती अप. वेळापत्रक बघताना नव्या माणसाचा इथं हमखास घोळ होतो.

क्लिक_नांदेड

काका, लई भारी माहिती. मी पुढच्या महिन्यात मित्रांसोबत जायलो कसाऱ्याला. एहेगावच्या पुलाजवळ उतरून, रुळाच्या कडेनं चालत बोगद्याच्या तोंडापाशी थांबायचा बेत आहे. तिथून समोरून गाडी बाहेर येताना जबरदस्त शॉट मिळतो. कुणी गेलंय का तिथं?

गार्डकाका (मनमाड, निवृत्त)

बाळा, जाऊ नको. हात जोडून सांगतो.

घाटात तीन मार्गिका आहेत: अप, डाउन आणि मिडल. चढणारी गाडी आवाज करत येते, ती तुला दूरवरून कळेल. उतरणारी गाडी ब्रेकवर येते, तिच्या इंजिनाचा जोर नसतो, ती जवळजवळ मुकी येते. तू चढणाऱ्या गाडीचं चित्रण करत असशील, तिच्या दोन टोकांच्या इंजिनांचा दणदणाट चालू असेल, आणि शेजारच्या रुळावरून उतरणारी गाडी तुझ्या पाठीशी येईल. त्यात पाऊस, धुकं, वळण. चालकाला तू दिसायच्या आत अंतर संपलेलं असतं, आणि उताराला ब्रेक लावला तरी गाडी जागेवर थांबत नाही. बोगद्याच्या तोंडाशी बाजूला सरकायलाही जागा नसते.

ज्या चालकासमोर असं होतं, त्याची झोप किती दिवसांसाठी उडते हे मी जवळून बघितलंय. तेवढा तरी विचार करा.

मनमाडकडून

काकांच्या बोलण्याला कायद्याचीही जोड देतो. रेल्वे अधिनियम १९८९, कलम १४७. विनापरवाना रेल्वेच्या हद्दीत शिरलं तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा एक हजारापर्यंत दंड, किंवा दोन्ही. २०२३ च्या पावसाळ्यात दूधसागरला रुळांवरून जाणाऱ्या लोकांना रेल्वे सुरक्षा दलानं उठाबशा काढायला लावल्या होत्या, ते व्हिडिओ सगळ्यांनी बघितलेत. आणि एका टोळक्यानं असलं काही केलं की पुढं साध्या फलाटावर कॅमेरा काढणाऱ्यालाही हटकतात.

क्लिक_नांदेड

पटलं काका. बोगद्याचा बेत रद्द. मग थांबायचं कुठं ते तुम्हीच सांगा.

पळसधरी (मूळ लातूर, सध्या कर्जत)

मी सांगतो, दोन्ही घाट पाहून झालेत.

कसाऱ्याला सगळ्यात सोपी आणि सगळ्यात दुर्लक्षित जागा म्हणजे खुद्द कसारा स्टेशनाचा फलाट. दहा रुपयांचं फलाट तिकीट, दोन तास मुदत. किंवा सरळ लोकलचं तिकीट काढून या. फलाटाच्या मागच्या टोकाला थांबलात की बँकर येताना, जोडताना, आणि मग पूर्ण गाडी जोर घेताना दिसते. पहिली हालचाल बघण्यासारखी असते. गाडी सुटताना आधी काही क्षण नुसता आवाज चढतो, चाकं हलत नाहीत, मग एकदम सगळे डबे मिळून सरकतात. सपाटीवरच्या स्टेशनात डबे एकामागून एक ताणले जातात, खाड्-खाड्-खाड् असा आवाज पुढून मागं जातो. इथं मागून दाबलेलं असल्यामुळं तो आवाज वेगळाच येतो. रेकॉर्ड करून दोन्ही शेजारी शेजारी ऐका.

दुसरी जागा इगतपुरीचा फलाट. तिथं बँकर सुटताना बघायचा. तिसरी म्हणजे महामार्गाच्या बाजूनं, रेल्वे हद्दीच्या बाहेर, जिथून दरी उघडी दिसते. एहेगावचा पूल सुमारे ५५ मीटर उंच आहे, तो लांबूनच चांगला दिसतो. पुलाशेजारी उभं राहिलं तर त्याची उंची कळतच नाही. मोबाइलनं लांबचं नीट येत नाही, तिथं झूमचा कॅमेरा हवा.

आमच्या बोरघाटात मंकी हिल, ठाकूरवाडी ही नावं ऐकून लोक तिकडं धावतात. तिथंही तोच नियम, रुळांवर उतरायचं नाही. उतरणाऱ्या गाड्यांसाठी दोन्ही घाटांत कॅच सायडिंग आहेत. ब्रेक निकामी झालेली गाडी मुख्य मार्गावरून बाजूला काढून चढावर चढवायची, म्हणजे ती आपोआप थांबते. खिडकीतून एखादी मार्गिका डोंगराकडं वर चढून मधेच संपलेली दिसली तर ती हीच.

गोदाकाठ (परभणी)

वा, फलाटाची कल्पना उत्तम. आता वेळा. मुंबईहून सुटणाऱ्या गाड्यांच्या हिशेबानं अंदाज देतो, निघण्याआधी चालू वेळापत्रक बघून घ्याच.

तपोवन मुंबईहून भल्या सकाळी निघते, त्यामुळं आठ-साडेआठच्या सुमारास घाटात असते. सकाळचा उजेड, धुकं, आणि आपली गाडी. यापेक्षा चांगला योग नाही. जनशताब्दी दुपारी चढते. तिच्यामागून वंदे भारत, जी ३० डिसेंबर २०२३ ला जालन्याहून सुरू झाली आणि आता नांदेडपर्यंत जाते. नंदीग्राम संध्याकाळी, पावसाळ्यात उजेड टिकला तर मिळते. देवगिरी रात्रीची, तिचं चित्रण जवळजवळ होतच नाही, पण आवाज होतो. त्यावर पुढं लिहितो.

वंदे भारतबद्दल एक सांगायचं राहिलं. तिला बँकर लागत नाही. तिच्या मोटारी एका इंजिनात नसून गाडीभर वाटलेल्या असतात, म्हणून ती कसाऱ्याला इंजिनाची वाट न बघता वर जाते. राजधानीनंही २०१९ पासून पुढं एक, मागं एक इंजिन अशी सोय केली, तिचाही बँकरसाठीचा वेळ वाचतो. एकाच दुपारी जनशताब्दी आणि वंदे भारत दोन्ही टिपल्या तर दोन पिढ्या एका जागेवरून बघायला मिळतात.

मनमाडकडून

त्यात तिसरी पिढीही होती, आणि ती नुकतीच गेली. मनमाडच्या पुढं आपल्या मार्गावर वीज नव्हती, तेव्हा आपल्या गाड्यांना डिझेल इंजिन थेट मुंबईपर्यंत असायचं. घाटात पुढं डिझेल आणि मागं विजेचे बँकर अशी गाडी चढायची. पुढून काळा धूर आणि घरघर, मागून ब्लोअरची शीळ. डब्यात कुठं बसलोय त्यावर कानाला वेगळी गाडी वाटायची. मनमाड ते जालना वीज आली आणि २०२३ नंतर ते चित्र झपाट्यानं पुसलं गेलं. ज्यांच्या जुन्या मोबाइलमध्ये तपोवन किंवा देवगिरीची अशी क्लिप असेल त्यांनी ती जपा. अस्पष्ट असली तरी चालेल, मुळातली फाइल तशीच ठेवा.

पूर्णाजंक्शन

मनमाडकर, तुम्ही दुखऱ्या जागी बोट ठेवलंत.

आमच्या पूर्णेहून हिंगोली, अकोला, खंडवा अशी मीटरगेज (एक मीटर रुंदीच्या रुळांवरची गाडी) जायची. अकोल्याच्या पुढं मेळघाटात धुळघाट आहे. तिथं रूळ डोंगराला वळसा घालून स्वतःवरूनच जायचे, लोक त्याला चारचा आकडा म्हणायचे. खिडकीतून खाली बघितलं की मघाशी आपण जिथून आलो ते रूळ दिसायचे. जयपूरला जाणारी मीनाक्षी एक्सप्रेस त्याच मार्गाची. वडील पूर्णेच्या इंजिन शेडमध्ये कामाला होते, मी लहानपणी त्या गाडीनं मामाकडं गेलोय. आधी आमच्याकडचा अकोल्यापर्यंतचा भाग ब्रॉडगेज झाला, मग २०१७ च्या सुरुवातीला अकोला ते खंडवा मीटरगेज बंद झाली. व्याघ्र प्रकल्पामुळं नवा मार्ग जंगलाबाहेरून न्यायचा वाद बरीच वर्षं चालला.

बाहेरच्या रेल्वेप्रेमींनी धुळघाटाचे थोडे व्हिडिओ केलेत, पण बहुतेकांत वर गाणं टाकलंय. मला वायडीएम-४ चा, म्हणजे मीटरगेजच्या डिझेल इंजिनाचा, त्या वळणावरचा आवाज हवाय. आख्ख्या चढाचा, मधे न कापलेला. कुणाकडं असेल तर कळवा. वडिलांना आता नीट दिसत नाही, त्यांना ऐकवायचाय.

बालाघाटी (येडशी)

पूर्णाजंक्शन, मलाबी तेच म्हणायचंय. आमच्याकडं तर व्हिडिओचा काळ यायच्या आधीच बरंच संपलं.

बार्शी लाइट रेल्वे. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज इंजिनिअरनं १८९७ मध्ये सुरू केलेली, दोन फूट सहा इंच गेजची. १९११ ला लातूरपर्यंत आली. खालच्या बार्शीच्या रानातून बालाघाटावर चढायची ती रामलिंगच्या घाटातून, येडशीला. आज तिथं अभयारण्य आहे. आमची म्हातारी माणसं अजून 'छोटी गाडी'च म्हणतात. पंढरपूरच्या वारीला तीच, लातूरच्या बाजाराला तीच. २००७-०८ मध्ये ब्रॉडगेज झाली आणि मार्ग धाराशिवला टेकून गेला. याच मोठ्या रुळांवरून एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला पाण्याची रेल्वे आली, ते सगळ्या देशानं बघितलं. छोट्या गाडीचा घाट मात्र मोजक्याच लोकांनी बघितला.

मला सांगायचंय ते असं की घाट म्हटलं की आपण लगेच सह्याद्रीत पळायलोत. आपल्या दारात बालाघाट आहे. पांगरी ते येडशी या पट्ट्यात पावसाळ्यात एकदा या. चढ कसाऱ्यासारखा नाही, बँकरही नाही, पण गाडी हिरव्या उतारावरून वळत येताना लांबून पूर्ण दिसते. गर्दी नाही, कुणी हटकत नाही, आणि शेताच्या बांधावरून दिसते. बांध ज्याचा त्याला विचारून उभं राहायचं, तेवढी रीत पाळा. सोयाबीन तुडवू नका.

जालन्याची_लेक

बालाघाटी भाऊ, अगदी खरं. मनमाडच्या पुढं अंकाई-टंकाई किल्ल्यांच्या पायथ्याशी गाडी येते तेव्हा मी कायम खिडकी धरते. मनमाडजवळच्या हडबीच्या शेंडीचं टोक दिसलं की घर जवळ आल्यासारखं वाटतं, खरं तर जालना अजून बरंच लांब असतं. आणि दौलताबादला किल्ला मागं ठेवून गाडी टिपता येते. तो फोटो आपल्या मार्गाशिवाय कुठं मिळणार?

रायमोहा_रुळावर (बीड)

आमचं नवीन आहे, म्हणून अभिमानानं लिहायलो. १७ सप्टेंबर २०२५ ला, मुक्तिसंग्राम दिनी, बीडला रेल्वे आली. अहिल्यानगर, आष्टी, अमळनेर, रायमोहा, बीड. आष्टीपर्यंत गाडी २०२२ मध्येच आली होती, पुढचा टप्पा डोंगर फोडत आला. आमच्या आजीनं आयुष्यभर 'बीडला रेल्वे येणार' ऐकलं. पहिल्या दिवशी स्टेशनवर इतकी माणसं होती, की गाडीपेक्षा माणसंच जास्त टिपली गेली.

पण गर्दी ओसरल्यावर आता कोण टिपायलंय? मी पावसाळ्यात रायमोह्याच्या बाजूला सायकलनं जातो. एक ओसाड माळ चढून गाडी येते, मागं पवनचक्क्या असतात. त्या पवनचक्क्या आमच्या भागाची ओळख झाल्यात. परळीपर्यंत मार्ग पुरा झाला की गाड्या वाढतील. तोवर साध्या डेमूचं (डिझेलवर चालणाऱ्या लोकलसारख्या गाडीचं) चित्रण करून ठेवायलो. वीस-तीस वर्षांनी कुणी तरी विचारेल, बीडला पहिल्यांदा कसली गाडी यायची.

गोदाकाठ (परभणी)

रायमोहा, हेच तर हवं होतं. थांबू नका. पुढं जालना–जळगाव मार्गाला २०२४ मध्ये मंजुरी मिळालीय, तो अजिंठ्याचे डोंगर ओलांडणार. सोलापूर–तुळजापूर–धाराशिवचंही काम आहे. म्हणजे आपल्या भागाला स्वतःचे नवे घाट मिळणार आहेत. पहिल्या दिवसापासून नीट नोंद ठेवायची संधी आपल्याला आहे, जी बार्शी लाइटच्या वेळी कुणाला नव्हती.

आता चित्रणाबद्दल मला कळतं तेवढं.

गाडी दिसण्याच्या बऱ्याच आधी रेकॉर्डिंग सुरू करा. घाटात आवाज आधी येतो, दरीतून घुमत येतो, कधी वाटतं डावीकडून येतेय आणि निघते उजवीकडून. तो भाग कापू नका. मोबाइल आडवा, तिपाईवर, आणि एकदा चौकट ठरली की हलवू नका. गाडीच्या मागं मागं मोबाइल फिरवला तर आजूबाजूचे खांब तिरके दिसतात. शेवटचा बँकर चौकटीबाहेर गेल्यावरही निदान मिनिटभर चालू ठेवा. चढणारी गाडी गेल्यावर तिचा आवाज बराच वेळ येत राहतो, आणि उतरणारी गाडी गेल्यावर जुन्या डब्यांच्या ब्रेकब्लॉकचा जळका वास येतो. वास टिपता येत नाही, म्हणून तो लिहून ठेवा.

वाऱ्यासाठी मोबाइलच्या माइकवर स्पंजचा तुकडा रबरानं बांधा. पावसात छत्रीखाली माइक धरू नका, थेंबांचा ताशा सगळ्यावर मात करतो. झाडाखालीही तेच. पत्र्याच्या शेडपासून लांब थांबा. देवगिरीसारख्या रात्रीच्या गाडीचं चित्र येणार नाही, तिथं नुसता आवाज घ्या, इगतपुरीच्या फलाटावरून.

आणि पार्श्वसंगीत नको. पूर्णाजंक्शनच्या वडिलांसाठी तरी नको. ज्याला गाणं ऐकायचंय तो गाणं लावेल. घाटातल्या इंजिनाचा आवाज पुन्हा कुठून आणणार?

क्लिक_नांदेड

दादा, एक विचारतो. रीलसाठी तर गाणं लागतंच, नाहीतर कुणी बघत नाही. दोन्ही कसं जमवायचं?

गोदाकाठ (परभणी)

रील वेगळी काढ, त्याला माझी ना नाही. पोरं रील बघूनच घाटात यायला लागतील, तेही चांगलंच. पण मूळ फाइल न कापता जपून ठेव. तिच्या नावात तारीख, गाडी, जागा, आणि दिसले तर पुढच्या-मागच्या इंजिनांचे नंबर लिही. इंजिन कुठल्या शेडचं तेही बाजूला रंगवलेलं असतं. एवढं केलंस तर ती क्लिप पुढं कुणाच्याही कामाची. नुसतं 'घाट व्हिडिओ नवीन' असं नाव असेल तर दोन वर्षांनी तुलाच कळणार नाही ती कुठली गाडी होती.

पळसधरी (मूळ लातूर, सध्या कर्जत)

ड्रोनबद्दल कुणी विचारायच्या आधी सांगून ठेवतो: घाटात नको. वर उच्च दाबाच्या तारा, दरीत वारा कधी फिरेल सांगता येत नाही, आणि रेल्वेच्या हद्दीवर परवानगीशिवाय उडवता येत नाही. तारेवर पडलं तर दोन्ही बाजूंच्या गाड्या अडकतील, आणि त्यात आपलीच माणसं असतील.

जालन्याची_लेक

मी दसऱ्याला तपोवननं जाणार आहे. फलाटावर उतरून चित्रण करायला वेळ मिळणार नाही, गाडीत बसूनच काही करता येईल का? मागून ऐकायचं असेल तर कुठल्या डब्यात बसू?

गार्डकाका (मनमाड, निवृत्त)

ताई, शेवटून जितका जवळचा डबा मिळेल तितका घ्या. सणाची गर्दी असेल, म्हणून जनरलच्या भरवशावर राहू नका, आरक्षण काढतानाच डब्यांचा क्रम बघून घ्या. दारात अजिबात उभं राहू नका. खिडकीला बसा, काच थोडी वर करा, मोबाइल मांडीवर ठेवा, हात बाहेर नको. कसाऱ्याला गाडी थांबली की रेकॉर्डिंग चालू करा आणि इगतपुरीला थांबेपर्यंत बंद करू नका. मोबाइलमध्ये जागा आधीच मोकळी करून ठेवा. शेजारच्या मावशींना अगोदर सांगून ठेवा की आवाज घेतेय. त्या "लागलं बाई इंजिन" म्हणाल्या तर तेही येऊ द्या.

पूर्णाजंक्शन

ताई, ती फाइल मला नक्की पाठवा. न कापता.